इंजिन बंद करा, पास्कलकाका आले

"बंद कर! पयली ती गाडी बंद कर!"

मुलुंडला माझ्या मामाचं मयत सोसायटीच्या आवारात ठेवलं होतं. गुरुजींनी मंत्र अर्ध्यावर सोडला. मामीचा हंबरडा घशातच अडकला. चौथ्या मजल्यावरची कबुतरं उठून समोरच्या बिल्डिंगीत राहायला गेली, ती अजून परतलेली नाहीत. शववाहिनीच्या ड्रायव्हरने तर बंदूक रोखल्यासारखे दोन्ही हात वर केले.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, गळ्यात क्रूस असलेला आणि छातीत मालगाडीचा भोंगा बसवलेला एक साठीचा गृहस्थ गर्दी फोडून त्याच्या खिडकीशी पोचला होता.

"काका, पाच मिन्टांत निघायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"ज्याला न्यायचंय त्याला घाई नाय, तुना कसली रे?"

गाडी बंद झाली. मामीने पदर बाजूला करून मला विचारलं, "कोण रे हा?"

"आमच्या ऑफिसातले," मी म्हणालो. त्याहून जास्त सांगायची ती वेळ नव्हती. मामाने हयातभर विड्या ओढल्या. त्याची या जगातली शेवटची वीस मिनिटं तेवढी बिनधुराची गेली, ती पास्कलकाकांमुळे.

अंधेरी पूर्वेला, मरोळमध्ये आमचा बेकरीच्या मालाचा डेपो आहे. पाव, टोस्ट, खारी घेऊन चाळीस टेम्पो बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या दुकानांत जातात. कुठली गाडी कुठे आहे हे शेठला सांगायचं, आणि ती तिथे का नाही हे पटवून द्यायचं, ही माझी नोकरी. मी थोडं वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. लोकही वाढवूनच सांगतात. पास्कलकाका याच डेपोत आधी ड्रायव्हर होते, मग ड्रायव्हरांचे मास्तर झाले. कमी डिझेलमध्ये, कमी धुरात गाडी कशी हाकावी हे शिकवायचं, हे त्यांचं काम. पण कामाचा पगार आठ तासांचा असतो, आणि हे चोवीस तास शिकवायचे. सिग्नलला, लग्नात, आणि आत्ताच पाहिलंत, मयतालासुद्धा.

त्यांचं मोजमाप लिटरमध्ये नसे. ते पेल्यात मोजत. उभी गाडी दहा मिनिटं नुसती घुरघुरली की चहाचा एक पेला भरेल एवढं डिझेल गेलं, असा त्यांचा हिशेब. साकीनाक्याला अडकून आलेल्या ड्रायव्हरला ते गेटातच विचारायचे, "किती पेले प्यायलास?" नवीन माणूस शपथेवर सांगायचा की काका, मी माळकरी आहे.

शिकवण्याची पद्धत तर जगावेगळी. खारी बिस्किट तुम्हाला माहीत आहे. तिच्याकडे नुसतं रागाने बघितलं तरी पापुद्रे सुटतात. तर नव्या ड्रायव्हरच्या समोर, डॅशबोर्डवर, काका पाच खारी एकावर एक रचून ठेवायचे. म्हणायचे, "जा, पवईला फेरी मारून ये. पाचच्या पाच उभ्या पाहिजेत." धसक्याने ब्रेक मारला, खारी पडली. सिग्नल सुटल्यावर पायाने अ‍ॅक्सिलरेटर चेचला, खारी पडली. परत आल्यावर सगळ्यांसमोर चहा. पास झालेल्याने अख्खी खारी बुडवून खायची, नापास झालेल्याने चुरा चमच्याने खायचा. तिवारी नावाचा आमचा एक पैलवान ड्रायव्हर सलग अकरा दिवस चुरा खात होता. बाराव्या दिवशी तो गाडी इतकी हळुवार घेऊन आला की वॉचमनला वाटलं, आत कुणीतरी बाळंतीण आहे.

"पाय हाय का पाटा?" हे त्यांचं दुसरं पालुपद. सकाळी प्रत्येक टायरला ते थोपटायचे आणि आवाजावरून सांगायचे, "हा उपाशी हाय. हवा भर. उपाशी टायर डिझेल खातो." केबिनमधलं फालतू वजन उतरवायची मोहीम काढली तेव्हा एका केबिनमधून स्टोव्ह, दोन गाद्या, एक जुना गिअरबॉक्स आणि सात देव निघाले. ड्रायव्हर देवांसाठी हात जोडून उभा. काका म्हणाले, "देव राहू दे, त्यांना वजन नसते. स्टोव्ह उतरव."

सेल्फचा तर त्यांना ध्यास. बटण दाबल्याबरोबर गाडी चालू झाली पाहिजे. "सेल्फ धड नसला की ड्रायव्हर घाबरते. बंद केली तर परत चालू होईल का नाय? मग तो बंदच करत नाय, आणि घुरघुर घुरघुर पेले जातात." म्हणून डेपोतल्या एकूण एक गाडीचा सेल्फ त्यांनी मेकॅनिकच्या उरावर बसून नीट करून घेतला होता. अपवाद एकच. सात नंबर. ड्रायव्हर असताना ते स्वतः चालवायचे ती जुनी गाडी, आता शिकाऊ ड्रायव्हरांसाठी ठेवलेली. तिचा सेल्फ जन्मापासून बिघडलेला. ती कायम उतारावर उभी असायची, आणि मेकॅनिक पाना घेऊन जवळ गेला तर काका म्हणायचे, "हिला हात लावायचा नाय." आम्ही म्हणायचो, वैद्याच्या घरचाच माणूस आजारी असतो.

आता रुमालांचं सांगतो. दर शनिवारी एकेक गाडी उभी करून, तिच्या सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून काका वीस अंक मोजायचे. मग तो रुमाल, कोपऱ्यात गाडीचा नंबर लिहून, डेपोच्या आवारात दोरीवर टांगायचे. चाळीस रुमाल, ओळीने. पांढरा असेल त्याची मान ताठ. काळा असेल त्याची आठवडाभर बेअब्रू. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई लाँड्री समजून दोन साड्या आणि एक पडदा देऊन गेल्या होत्या. तिवारीने एकदा आपला रुमाल ब्लीचिंग पावडरमध्ये बुडवून टांगला. काकांनी तो उन्हात धरला आणि म्हणाले, "तुझी गाडी चालते का थेट स्वर्गात गेली रे?"

मी एकदा विचारलं, "काका, तपासायला मशीन असतं. हे रुमालाचं खूळ कुठून आणलंत?"

"मशीनचा कागद फायलीत जातो. रुमाल सगळ्यांना दिसतो. लाज वाटायला पाहिजे, सावंता." मग दोरीवरचा एक रुमाल सरळ करत म्हणाले, "मना वाटली होती." आणि तिवारीला शिव्या द्यायला निघून गेले.

मागच्या वर्षी शेठने दोन घोषणा एकाच मीटिंगमध्ये केल्या. आमचा शेठ तरुण, घाटकोपरचा, बापाच्या गादीवर नुकता बसलेला आणि बापापेक्षा जास्त शिकलेला. पहिली घोषणा, प्रत्येक गाडीत एक डबा बसणार. गाडी किती पळाली, किती वेळ उभी राहून इंजिन चालू ठेवलं, ब्रेक कसा मारला, सगळं ऑफिसात माझ्या स्क्रीनवर दिसणार. दुसरी घोषणा, डिझेलचे टेम्पो टप्प्याटप्प्याने जाणार आणि विजेवरचे येणार. धूर नाही, आवाज नाही. सुरुवात सर्वांत जुन्या गाडीपासून. कागदावर वय संपत आलं होतं, तेव्हा महिनाअखेरीला सात नंबर भंगारात.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ज्या माणसाने धुरापायी उभं आयुष्य बोंब मारली, त्याच्या दारात देवच चालत आलेला. मला तर वाटलं, आता हे शेठला उचलून नाचणार.

डब्याबद्दल ते म्हणाले, "चांगला हाय. माझ्यासारखाच वरडते, फक्त थुंकी उडत नाय." सगळे हसले. मग ते उठून उभे राहिले आणि माझ्या उभ्या नोकरीत कधी ऐकला नव्हता इतक्या लहान आवाजात म्हणाले, "शेठ, सात नंबर सगळ्यात शेवटी जाऊ दे."

"काका, तीच तर सगळ्यात जास्त धूर काढते," शेठ म्हणाला. "दोरीवर सगळ्यात काळा रुमाल तिचाच असतो. तुम्हीच टांगता."

काका खाली बसले. बोटांवर काहीतरी मोजत होते. मी शेजारीच होतो. चार मोजून थांबले.

डबे बसले आणि मला तिसरा डोळा फुटला. पहिल्याच गुरुवारी दुपारी स्क्रीनवर एक लाल ठिपका पेटला. गाडी उभी, इंजिन चालू. पाच मिनिटं. दहा. पंधरा. तब्बल पंचवीस मिनिटं! जागा आरे कॉलनीतली, आतल्या जंगलाच्या रस्त्यावरची, जिथे आमचं एकही दुकान नाही. नंबर बघितला. सात. घेऊन कोण गेलंय? ट्रायलला जातो सांगून, पास्कलकाका.

मी खुर्चीतून उडालो ते पंख्याला लागून खाली आलो. जो माणूस मयताची गाडी बंद करायला लावतो, तो स्वतः जंगलात बसून अडीच पेले पितो! दुसऱ्या गुरुवारीही तेच. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडून 'पाय हाय का पाटा' ऐकून घेतलं होतं. मी ठरवलं, पुढच्या गुरुवारी रंगेहाथ पकडायचं, स्क्रीनचा कागद छापायचा आणि रुमालांच्या दोरीवर, बरोब्बर मध्ये, टांगायचा.

तिसऱ्या गुरुवारी मी स्कूटर घेऊन सात नंबरच्या मागे. मागे राहणं सोपं होतं, धुराचा माग काढत जायचं. तबेले गेले, पाडा गेला, रस्ता अरुंद झाला. एका दुमजली जुन्या इमारतीपाशी टेम्पो थांबला. फाटकावर पाटी होती, सिस्टर लोक चालवतात तो म्हाताऱ्यांचा आश्रम. मी एका वडाच्या झाडामागे दडलो. आरेत बिबट्या असतो हे मला माहीत आहे. पण त्या घडीला मला बिबट्याहून जास्त भीती काकांची होती.

काका खाली उतरले. इंजिन चालूच. बॉनेटला टेकून पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बघत उभे राहिले. मी मोबाइल काढला, फोटो घ्यायला.

"झाडामागची स्कूटर बंद कर, सावंता."

मान न वळवता म्हणाले. मी खाली बघितलं. पाठलागाच्या नादात मी स्कूटर चालूच ठेवली होती.

बंद केली. पुढे गेलो. चोर मीच झालो होतो. तरी तोंड उघडलंच, "काका, आणि तुमची?"

"माझी राहू दे."

"कोण आहे वर?"

"फिलू. माझी बायको."

काकांची बायको कुठे तरी बाहेरगावी, मुलीकडे असते, असं आम्ही सगळे समजून होतो. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग ते बोलले. इंजिनच्या घरघरीमुळे मला अगदी जवळ उभं राहावं लागलं. ते दोघं मरोळच्या गावठाणात राहायचे. दुपारी जेवायला सात नंबर घेऊन घरी यायचे. सेल्फ बिघडलेला, बंद केली तर धक्का मारायला कोण? म्हणून दारात तशीच चालू ठेवून आत जेवायला बसायचे. अंगणात फिलूची दोरी. चादरी, उशांचे अभ्रे, चर्चला जायचा पांढरा फ्रॉक. धूर सरळ त्याच्यावर.

"काळा झालेला अभ्रा घेऊन यायची आणि माझ्या ताटासमोर धरायची. 'पास्कू, बंद कर ती गाडी!' बारा वर्षं वरडली, सावंता. शेजारच्या पोरांना पण पाठ झालेलं. मी एकदा बंद केली नाय. हसायचो. बोलायचो, काळे कपडे शिव, मळणार नाय."

"मग?"

"मग विसरायला लागली. पयलं मीठ. मग चर्चचा रस्ता. मी बोललो, वय हाय. एक दिवस जेवायला गेलो, गाडी चालू ठेवली, जेवलो, हात धुतला. कोण वरडलंच नाय. बघितलं तर दारात बसलेली. दोरीवर चादर काळी होते, ही बघते आणि गप." काकांनी रुमाल काढून बॉनेटवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. "तवा मना समजलं. समोर बसलेली, पण गेली. त्या दिवशी आपणहून गाडी बंद केली. पयल्यांदा. सगळ्या गावठाणात घुमली ती शांतता."

आश्रमात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. त्यांना ओळखत नव्हती. समोर बसले तर उठून जायची. "माझं तोंड तिला नको वाटते," काका म्हणाले. "पण हा आवाज बारा वर्षं ऐकलाय ना? कधीतरी वरडेल. एकदा वरडू दे, मग गाडी भंगारात जाऊ दे, नाय तर समुद्रात."

पंचवीस मिनिटं झाली. खिडकी तशीच. काका गाडीत बसले, आणि मी स्कूटर हाताने ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत आलो. चालू करायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी शेठने मला बोलावलं. स्क्रीनवर तीन लाल ठिपके मांडून बसलेला.

"सावंत, हे काय? तीन गुरुवार, एकच जागा. सगळ्या ड्रायव्हरांना आपण इंजिन बंद ठेवा सांगतो, आणि मास्तरच असं करतात? उद्या तिवारी मला विचारेल."

आयुष्यभर थापा मारल्या, त्या कुठल्या दिवसासाठी हे मला त्या क्षणी कळलं. "शेठ, ते इंजिनचा आवाज तपासतात. इथे गोंगाटात कळत नाही. आरेत शांतता असते."

"भंगारात जाणाऱ्या इंजिनाचा आवाज?"

"मरणाऱ्या माणसाचीही नाडी बघतातच ना, शेठ."

शेठने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी त्याच्या वडिलांनाही थापा मारल्यात, हे त्याला माहीत आहे. "खरं सांगा," तो म्हणाला. मी खरं सांगितलं. माझ्या तोंडून खरं इतकं विचित्र निघालं की त्याने ते दोनदा सांगायला लावलं.

त्याने स्क्रीन बंद केली. "पुढचा गुरुवार त्यांचा. शुक्रवारी सकाळी गाडी न्यायला माणूस येतोय. ते मला थांबवता येणार नाही, कागद गेलेत."

चौथ्या गुरुवारी मी सात नंबरच्या केबिनमध्ये काकांच्या शेजारी बसलो. डॅशबोर्डवर पाच खारी रचलेल्या. मरोळ ते आरे, एवढे खड्डे, एवढे म्हशींचे कळप, एक पापुद्रा हलला नाही. अशी हाकलेली गाडी मी जन्मात बघितली नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

आश्रमासमोर थांबलो. या वेळी काका उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. इंजिनाच्या थरथरीने खारी थरथरायला लागल्या. दहा मिनिटं.

"एक पेला," काका म्हणाले.

वीस मिनिटं. "दोन." वरची खारी सरकली आणि माझ्या मांडीवर पडली. फाटकातून एक सिस्टर आली, आमच्याकडे बघून मान हलवली आणि परत गेली. नेहमीचीच ओळख असावी. पंचवीस झाली. तीस झाली. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. काकांनी एकदा किल्लीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"काका," मी म्हणालो, "अजून थांबू. डिझेल आहे."

"डिझेल हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात वर खिडकीचं दार भिंतीवर आपटलं. गजांमागे एक बारीक बाई, पांढरे केस, निळा झगा. खाली टेम्पोकडे बघत होती. आमच्याकडे नाही, टेम्पोकडे. मग तिने एक हात गजातून बाहेर काढला आणि त्या एवढ्याशा जिवातून जो आवाज निघाला, तो मी रोज डेपोत ऐकत होतो.

"ओ ड्रायवर! बंद करा ती गाडी! कपडे सुकत घातलेत!"

आवारात एकही कपडा नव्हता. दोरीसुद्धा नव्हती.

काकांनी किल्ली फिरवली. सात नंबर एकदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि थांबली. डॅशबोर्डवरच्या चार खारी थरथरायच्या थांबल्या. कुठल्या तरी तबेल्यातली म्हैस ओरडली ती ऐकू आली. वर ती क्षणभर कान देऊन उभी राहिली, खात्री करून घेतली, आणि खिडकी लावून आत गेली.

काका समोर बघत बसले होते. मांडीवरची खारी परत वर रचत मी विचारलं, "काका, ओ ड्रायवर म्हणाल्या. ओळखलं का त्यांनी तुम्हाला?"

"बंद कर बोलली ना? मग झालं. उतर, धक्का मार."